मुरुमची उपाशी ज्वारी

बुरशी आणायला बार्शीहून मुरुमला निघाले, तर घरचे हसले. हसू देत! माझी लिंबाची रोपं लावली की मरतायत, आणि कॉलेजातली मैत्रीण रेहाना मुळांना बळ देणारी बुरशी पिकवते, तीही मातीशिवाय. बघायलाच हवं होतं.

आईच्या आजारपणामुळं रेहाना बरेच दिवस सोलापुरात माहेरी होती, ती तिथूनच माझ्या गाडीत बसली. हैदराबाद हायवेनं जायचं, नळदुर्गला चहा घ्यायचा, येणेगूरहून आत वळायचं. मुक्कामासाठी लॉज उमरग्यात बघा, मुरुमात सोय बेताची.

वाटेत तिनं सगळं समजावलं. बंद पेट्यांत ज्वारीची मुळं हवेत लोंबतात, पंप त्यांच्यावर टाकीतल्या पाण्याचं धुकं सोडतो. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मुद्दाम कमी द्यायचं. भुकेलं झाड बुरशीला मुळात घेतं. पोट भरलेलं तिला दारात उभं करत नाही. पुढं तीच मुळं वाळवून, दळून शेतकऱ्यांना द्यायची. आधीच्या खेपा वाया गेल्या होत्या. माहेरी येण्याआधी तिनं बुरशीचं विरजण लावलेली ही खेप साधली नाही, तर मुरुमचं शेड मोडायचं असं सासरी ठरलेलं.

शेडमध्ये शिरताच मी म्हणाले, "अगं, काय तरारलीय ज्वारी!"

रेहानानं तडक एक मूळ कापलं. मग ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. बुरशीचा एकही धागा नव्हता.

दारात तिचे सासरे, अब्बा, उभे होते. "लई पिवळी पडली हुती बिचारी. बघवंना. म्या टाकीत खत कालवलं."

"अब्बा, तिला उपाशीच ठेवायचं असतं."

"दारातल्या गुरा-जित्राबाला बी कुणी उपाशी ठेवतं व्हय, बेटी?"

मला असा राग आला! सुनावणारच होते, पण रेहानानं मला हातानं थांबवलं.

संध्याकाळी भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाचटणी. एरवी मी ताट चाटूनपुसून साफ केलं असतं. रेहानाचा नवरा सलीम म्हणाला, "उद्या शेड उतरवू." अब्बांनी ताट सरकवलं.

"शेड मोडायचं न्हाय. चूक माझी हाय, तिची न्हाय. अजून एक डाव करू द्या तिला."

सलीमनं ते ताट परत त्यांच्यापुढं ठेवलं.

बुरशी न घेताच घरी आले. लिंबांचं व्हायचं ते होईल, पण अब्बांचा तो चेहरा काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही. जीव लावूनही माणसाच्या हातून असं होतं, याचं फार वाईट वाटलं.

काल रेहानाचा फोन आला. नवी ज्वारी पिवळी पडलीय, मुळांत बुरशीचे धागे दिसतायत.

"आणि अब्बा?"

"आत पाऊल टाकत नाहीत. रोज दारातूनच विचारतात, अजून उपाशीच हाय का ती? मी हो म्हणते. मग दुपारचं जेवत नाहीत."