अठरा पानांचा अभिप्राय

सीमाबाई मूळच्या बेलापूरच्या. वडील कचरू साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. गाडी काट्यावर चढल्याशिवाय त्यांनी कधी आकडा लिहिला नाही. अंदाजाने लिही म्हणणाऱ्यांशी त्यांचं आयुष्यभर वाकडं राहिलं. लेकीने त्यांच्याकडून हीच खोड उचलली. अकोले तालुक्यात, डोंगरावरच्या दोन शिक्षकी शाळेत शिकवताना ती तिला फारशी कामाला आली नाही.

त्या शाळेत इंग्रजीच्या तासाला बाईंचा एक पत्र्याचा डबा निघायचा. त्यात कुलूप, चमचा, हिरडा, भाताची लोंबी, दोरा असं काहीबाही असे. मुलं एकेक वस्तू हातात घेत, इंग्रजीत मागत, देत, लपवत, शोधत. शिकणं सावकाश व्हायचं, पण आलेलं जात नसे.

डिसेंबरात जिल्ह्याहून पत्र आलं. इंग्रजी शिकवणारं एक ॲप जूनपासून सगळ्या शाळांत त्या तासाला लावायचं होतं. त्याआधी बारा शिक्षकांनी ते तपासून अभिप्राय द्यायचा होता, आणि त्या बारांत सीमाबाईंचं नाव होतं. बाईंना वाटलं, चला, एकदाचं कुणीतरी आपल्याला विचारतंय. ॲप नापास झालं तर डबा राहणार होता.

बाकीच्या अकरा जणांनी अभिप्रायाचा तक्ता एका बैठकीत भरला. चित्रे उत्तम, आवाज उत्तम, उपयुक्तता उत्तम. बाईंनी मात्र महिनाभर डबा बंद ठेवला आणि चौथीच्या अठरा मुलांना ॲपवरच शिकवलं. दर धड्यानंतर त्या टॅब बाजूला ठेवत आणि खरी वस्तू समोर धरत. कुणाला काय आलं ते तारीखवार लिहीत. टॅबवर सगळ्यांना हिरव्या खुणा मिळत होत्या. वस्तू समोर धरली की अठरांतली तिघंच बोलत होती. एकदा खिडकीत कोंबडी ओरडली, तर टॅबने तिलाही हिरवी खूण दिली. बाईंनी तेही लिहिलं.

मुख्याध्यापक कारभारी सर हसले. "मॅडम, अठरा पानं? लग्नाची यादी हाय का काय?"

"मोजल्याशिवाय कसं लिहू, सर?"

"अहो, त्यांना उत्तम पाहिजे. उत्तम लिहायला एक ओळ पुरती."

पण पानांचा परिणाम झाला. ॲपला मंजुरी देणाऱ्या जिल्हा समितीचे नृसिंह साहेब स्वतः येऊन पाहणार, असा निरोप आला. तारीख ठरली वीस जानेवारी, सोमवार. पटलं तर ॲप थांबवू, असंही ते फोनवर म्हणाले. त्या दिवशी बाईंनी घरी गोडाचा शिरा केला.

शनिवारी शाळा सुटताना त्या मुलांना म्हणाल्या, "सोमवारी साहेब येणार आहेत. माझी मान खाली जाईल असं काही करू नका." बावीस वर्षं, प्रत्येक तपासणीच्या आधी त्या हेच वाक्य बोलत आल्या होत्या. तोंडात बसलेलं वाक्य तोंडातून गेलं. या वेळी मुलांनी अडखळणंच आपल्या कामाचं आहे, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

सोमवारी साहेबांनी टॅब लावला. भागिरथी पुढे बसली होती. पहिला प्रश्न पडद्यावर पुरता उमटायच्या आतच तिने उत्तर दिलं. मग दुसरं, तिसरं. तिच्यामागून बाकीचे. अठरा मुलं, चोवीस प्रश्न, सगळ्या खुणा हिरव्या. कारभारी सरांनी टाळ्या वाजवल्या.

"बाई," साहेब पानं उलटत म्हणाले, "तुमच्या कागदावर तर यांना काही येत नाही. कागद खरा की मुलं खरी?"

"साहेब, टॅब बंद करून विचारा ना."

साहेबांनी भागिरथीला तिचं नाव इंग्रजीत विचारलं. तिने खणखणीत सांगितलं. "आता काय म्हणता?" ते हसले.

बाईंचा हात कोपऱ्यातल्या छत्रीकडे गेला. ॲपमध्ये छत्री होतीच. ती समोर धरली की पुढचं सगळं आपोआप उघडं पडणार होतं. भागिरथी त्यांच्याकडे बघत होती. बक्षीस मिळाल्यासारखा तिचा चेहरा फुलला होता. सगळा वर्ग तसाच बघत होता. बाईंनी हात मागे घेतला.

"काही नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "चहा घ्या."

साहेबांना पुढे भंडारदऱ्याला जायचं होतं. जीप गेली तशी मुलांनी बाईंना गराडा घातला.

"बाई, दोन दिस मंदिरात बसून पाठ केलं आमी," भागिरथी म्हणाली. "सरांनी टॅब दिल्ता. मान न्हाई ना गेली खाली?"

"नाही गं."

मग बाईंनी छत्री उचलली, उघडली आणि तिच्यासमोर धरली. इंग्रजीत विचारलं, हे काय आहे? भागिरथी छत्रीकडे पाहत राहिली. तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मागच्या पोरीला कोपराने डिवचलं. तीही बोटं मोजू लागली.

"बाई," तिने शेवटी हळूच विचारलं, "ह्यो कितवा प्रश्न हाय?"

बाईंनी छत्री मिटली.

एप्रिलमध्ये मंजुरीचा आदेश निघाला. त्यात नमुना म्हणून त्यांच्याच शाळेचं नाव होतं. बाईंनी अठरा पानांची प्रत पाठवून एक पत्र लिहिलं. पोच आली, उत्तर आलं नाही. भागिरथी पाचवीला आश्रमशाळेत गेली. जूनपासून इंग्रजीच्या तासाला टॅब लागतो आणि रोज सगळ्या मुलांच्या हिरव्या खुणा जिल्ह्याला पोचतात. पत्र्याच्या डब्यात कारभारी सर आता खडू ठेवतात. हिरडा कुणीतरी टाकून दिला.

दिवाळीनंतर आणखी एका ॲपचा तक्ता आला. चांगला अनुभव म्हणून पुन्हा सीमाबाईंचंच नाव. त्यांनी तो मधल्या सुट्टीत, चहा निवायच्या आत भरला. ॲप उघडून पाहिलं नाही. बारा रकाने होते. बाराही ठिकाणी त्यांनी वळणदार अक्षरात उत्तम लिहिलं, खाली सही केली आणि कागद कारभारी सरांकडे सरकवला.

"झालं?" सर म्हणाले. "बघा, किती सोपं हुतं."