सोजरबाईंचे तीन नवरे

मंडईत शिरलं की डाव्या हाताचा तिसरा गाळा सोजरबाईंचा. लिंबं, आलं, मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता. एकतीस वर्षं बाई तिथं बसतात. गिऱ्हाईक रेंगाळलं की बाकीचे गाळेवाले म्हणतात, "घ्यायचं असलं तर बोला." सोजरबाई म्हणतात, "बस बाई, उभी का." त्या एका 'बस'पायी पुढचं सगळं झालं.

रोज दुपारी एकला बाईंचे मालक, जयसिंगराव, डबा घेऊन येतात. माणूस दार अडेल एवढा रुंद. मार्केट यार्डात त्यांनी उभी हयात हमाली केली. गुळाच्या ढेपा दोन्ही काखांत मारून जिना चढायचे. नऊ वर्षांपूर्वी पाठीचा मणका सरकला आणि पोतं सुटलं ते सुटलंच. आता ते डबा आणतात, बाई जेवेपर्यंत समोरच्या फळीवर बसतात आणि रिकामा डबा घेऊन जातात. बसून राहायचं कारण, बाईंना सोडलं तर त्या निम्मा डबा वाटून टाकतात.

डबा असायचाही वाटण्यासारखा. पापुद्रा सुटलेली ज्वारीची भाकरी, ठेचा, एखादी पालेभाजी. शेजारचा कांदेबटाटेवाला महिपती भाकरीचा वास घेऊन रोज म्हणायचा, "वहिनी, सुनेच्या हाताला चव हाय बरं का." जयसिंगराव "हाय की" म्हणायचे आणि छताकडं बघायचे.

सून मैना सकाळी सातला हिंजवडीच्या बसमध्ये चढते. तिनं थापलेली भाकरी तिच्या नवऱ्यानंसुद्धा पाहिलेली नाही. भाकऱ्या जयसिंगराव थापतात. पण आपण परातीपुढं बसतो हे यार्डातल्या हमालांना आणि मंडईतल्या महिपतीला कळलं, तर उरलेलं आयुष्य तोंड लपवून काढावं लागेल अशी त्यांची खात्री होती. सोजरबाईंनी नऊ वर्षं हे गुपित पदराच्या गाठीला बांधून ठेवलं होतं.

गेल्या डिसेंबरात नदीपलीकडच्या एका कॉलेजनं कला शाखेच्या पोरांसाठी स्पर्धा काढली. पुण्यातला एक साधा माणूस शोधायचा, त्याचं आयुष्य त्याच्याच तोंडून ऐकायचं आणि दहा मिनिटांत मंचावर सांगायचं. त्या माणसालाही आणायचं, त्याला शाल नि नारळ. गुणांचा तक्ता छापलेला होता. भाषा वीस, सादरीकरण वीस, संशोधन तीस, संघर्ष तीस.

पहिला आला अभिनव. सोबत दोन पोरं, एक माइक, एक कॅमेरा.

"आजी, मालक काय करतात?"

"घरी असत्यात."

"घरी काय करतात?"

बाईंनी उगाच लिंबांवर पाणी मारलं. एवढ्यात अभिनवनं घड्याळ बघितलं आणि मान हलवली. "आजी, थोडं स्ट्रगल वगैरे काही नाही का? म्हणजे काहीतरी हेवी."

गिऱ्हाईक उठायला लागलं की हात आपोआप तराजूकडं जातो. बाई म्हणाल्या, "मालक न्हाईत रं आता."

"म्हणजे?"

"गेले. यार्डात. गाडीखाली."

अभिनव पुन्हा बसला.

चार दिवसांनी संस्कृती आली. तिला स्त्रीवरचा अन्याय हवा होता. एकाच आठवड्यात नवऱ्याला दोनदा मारायचं बाईंच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी त्यांना दारू पाजली. संस्कृतीनं डोळे पुसत विचारलं, "भांडी फेकायचे का हो?" बाई म्हणाल्या, "फेकायचे की. पातेली." आपल्याच घरातलं एकेक पातेलं त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. एकालाही पोचा नव्हता.

तिसरी राजनंदिनी. यवतमाळची पोरगी, हॉस्टेलवर राहणारी. तिची जोडीदारीण नृत्यस्पर्धेला पळाली होती, म्हणून एकटीच. आली ती नेमकी एकच्या सुमाराला. बाई म्हणाल्या, "बस, दोन घास खा." महिपती चहाला गेला होता. समोर जयसिंगराव जिवंत बसले होते, त्यामुळं त्यांचं काही करताही येईना.

राजनंदिनीनं पहिला घास घेतला आणि मेसच्या आठवणीनं तिला भरूनच आलं. "माझी आईबी अशी भाकर नाही करत जी. तिची तुटतेच."

"पानी गार घेत आसंल," जयसिंगराव म्हणाले.

सोजरबाई खोकल्या.

"उकळतं घ्यायचं. मळायचं तळहाताच्या गादीनं, असं. बोटांनी न्हाई."

बाई पुन्हा खोकल्या. त्यांना मिरची लागली असं समजून जयसिंगरावांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि हवेतल्या परातीत हवेतली भाकरी थापून दाखवली. राजनंदिनी त्यांच्या मनगटावरचा तव्याचा डाग बघत होती. उठताना एवढंच म्हणाली, "काका, तुम्हीबी याल रविवारी. आणि हे शेजारचे काका आले की त्यांनाबी सांगा."

बाईंना वाटलं होतं, तीन पोरं म्हणजे तीन कॉलेजं, तीन कार्यक्रम, एकाच रविवारी एकामागून एक उरकायचे. पुण्यात कॉलेजांना काय तोटा. रविवारी अभिनवच्या रिक्षातून उतरल्या तर दारात संस्कृती हार घेऊन उभी, आणि आत पहिल्या रांगेत इस्त्रीची टोपी घालून जयसिंगराव. शेजारी महिपती, त्याच्या शेजारी यार्डातले चार जुने हमाल. मागं फिरावं म्हटलं तर गळ्यात हार पडला होता.

परीक्षक होते श्यामसुंदर सर, निवृत्त प्राध्यापक. त्यांनी स्पर्धकांची यादी बघितली. "सोजरबाई, सोजरबाई आणि सोजरबाई. पंचेचाळीस लाख वस्तीच्या शहरात आपणांस एकच माणूस सापडला. चालू द्या."

अभिनवनं दिवे मालवून घेतले. मागं सारंगी वाजली. अवजड वाहनाखाली जयसिंगराव गेले तेव्हा सभागृहात दोन मुली मुसमुसल्या. टाळ्या झाल्या. सगळे वाजवतायत म्हणून जयसिंगरावांनीही वाजवल्या. महिपती त्यांच्या कानाशी लागला, "भाऊ, वाईट झालं."

संस्कृतीच्या सादरीकरणात ते परत आले, पण पिऊन. स्टीलचं पातेलं मंचावर खरोखर आपटलं गेलं. हमाल चुळबुळले. जयसिंगराव ढिम्म. मेलेलं चालतं, प्यालेलंही गड्याला शोभतं, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मग राजनंदिनी उठली. हातात एकच कागद. सारंगी नाही, पातेलं नाही. तिनं सांगितलं, की एक माणूस पाठीवरचं ओझं उतरल्यावर परातीपुढं बसला. उकळतं पाणी घेतो, तळहाताच्या गादीनं मळतो. त्या भाकरीवर एक बाई दिवसभर मंडईत बसते आणि आल्यागेल्याला म्हणते, बस.

जयसिंगरावांची टोपी खाली आली. महिपती त्यांच्याकडं वळून बघत राहिला. चारही हमाल वळून बघत राहिले.

श्यामसुंदर सरांनी चष्मा काढला. "पहिल्या कथनात मयत झालेले गृहस्थ उपस्थित आहेत, असं कळतं. यातलं खरं कोणतं? दोन संघ बाद होतील. बाई, आपण सांगा."

सोजरबाई मंचावर उभ्या. एका बाजूला राजनंदिनी, समोर जयसिंगराव. त्यांनी तोंड उघडायच्या आत जयसिंगराव उठले.

"दुसरं खरं," ते म्हणाले. "मी पितो."

"आपण पिता."

"रोज."

"काय पिता?"

जयसिंगरावांनी हमालांकडं बघितलं. हमालांनी छताकडं बघितलं. "ते आपलं… लाल."

"लाल," सरांनी लिहून घेतलं. "आणि पातेली फेकता?"

"फेकतो. मोठी फेकतो."

राजनंदिनीनं कागदाची घडी घातली, मग घडीची घडी. तेवढं मात्र सोजरबाईंना बघवेना.

"गप बसा हो," त्या म्हणाल्या. "चहासुदिक बिनसाखरेचा पितात, म्हनं लाल." मग सरांकडं वळल्या. "साहेब, ही पोरगी खरं बोलली. भाकरी हेच करत्यात. अन् माझ्यापेक्षा बरी करत्यात. ह्या दोघांना मीच खोटं सांगितलं. त्यांची चूक न्हाई. खरं सांगाय लागले की घड्याळ बघायचे. तुमच्या कागदावर संघर्ष लिवलंय, म्या संघर्ष दिला. गिऱ्हाइकाला इन्मुख कोन पाठवतं?"

सभागृह हसलं. हसू थांबलं तेव्हा पहिल्या रांगेतली महिपतीशेजारची खुर्ची रिकामी होती.

निकाल पुणेरी लागला. पहिला क्रमांक कोणालाच नाही. दुसरा राजनंदिनीला. तिच्या गुणपत्रिकेवर सरांनी लिहिलं होतं, 'संघर्ष आढळला नाही. अभिनंदन.'

घरी जयसिंगराव भिंतीकडं तोंड करून झोपले. सकाळी बाई निघाल्या तेव्हाही ते भिंतीकडंच.

सोमवारी एक वाजला. डबा नाही. सव्वा वाजला. बाईंनी कोथिंबिरीची एकच जुडी चार वेळा सोडून बांधली. उद्यापासून वडापाव, आणि तेवढंच असतं तर चाललं असतं, असं त्यांच्या मनात आलं. समोरची फळी मोकळी होती. महिपती आज वास घ्यायलाही फिरकला नव्हता. पाठ करून बटाटे निवडत होता.

एक चाळीसला जयसिंगराव आले. डबा फळीवर आदळला, उघडला, भाकरीचा चतकोर मोडला आणि महिपतीपुढं धरला.

"खा. काय बोलायचं ते एकदाच बोल."

महिपतीनं चावलं. सावकाश चावलं. आजूबाजूचे तीन गाळे कान देऊन थांबले. त्यानं इकडं तिकडं बघितलं, खाली वाकला आणि अगदी हळू विचारलं, "भाऊ, माझी कडंला फाटती. पीठ जुनं आसंल का?"

जयसिंगरावांनी त्याच्या हाताकडं बघितलं. मनगटावर तव्याचा डाग होता, परवाचाच, अजून लाल.

"पीठ न्हाई," ते फळीवर टेकत म्हणाले. "तू मळाय कमी पडतोस. बस."