सोफावाल्यांच्या घरचं आमेन

आमचे भावजी सोफावाले. म्हणजे ते सोफे विकत नाहीत. लोकांच्या फाटक्या सोफ्या-खुर्च्यांचं जुनं कापड सोलून, आतला काथ्या बदलून, नवं कापड चढवून देतात. काम करताना बारीक खिळे ओठांत धरायची त्यांना सवय. एकेक काढायचा आणि ठोकायचा. यात एक सोय आहे. अडचणीचा प्रश्न आला की ते चार खिळे जास्तच तोंडात टाकतात आणि बोलायचं टळतं. माझ्या ताईने इतकी वर्षं निम्मा संसार त्या खिळ्यांशीच केलाय असं मी म्हणते. मी तिची धाकटी बहीण. कारखान्यामागच्या त्यांच्या घरातच राहते, गाद्यांच्या खोळी शिवते आणि विचारलं नसतानाही मत देते.

ताईला मूल झालं नाही. एका रविवारी चर्चमध्ये परदेशातल्या अनाथ मुलांबद्दल एक बाई बोलून गेल्या आणि ताई घरी आली ती ठरवूनच. भावजींनी नेहमीप्रमाणे खिळे तोंडात टाकले. दुसऱ्या दिवशी ते थुंकून म्हणाले, "आणू या."

आणू या म्हणणं सोपं. दत्तक देणाऱ्या संस्थेची फी, वकील, दाखले, त्या देशात जाऊन राहणं... मोठं शिलाई मशीन विकलं. कारखान्याचा पुढचा भाग एका किल्लीवाल्याला भाड्याने दिला, आणि तेव्हापासून आम्ही सगळे त्याच्या कानशीच्या आवाजात जगतो. तरी कमी पडलं, तेव्हा चर्चच्या मंडळीने वर्गणी काढली. देणाऱ्यांचं मन मोठं होतं, नाही म्हणत नाही. पण पोरगी आल्यावर उपासनेनंतर जो तो तिचा गाल ओढून म्हणायचा, "ही आपली मुलगी बरं का!" मला वाटायचं, कोणाचा वाटा कुठल्या गालावर ते तरी ठरवून घ्या.

पोरगी सात वर्षांची. आली त्या दिवशी तिने घरातलं प्रत्येक दार उघडून पाहिलं, बाहेरच्या दाराची कडी वर-खाली केली, मग खुर्चीवर बसली. भावजींनी तिचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं. बूट ती पलंगाशी ठेवायची, पुढचं टोक दाराकडे करून. कोट खुंटीला लावायची नाही. ताईने लावला की काढून उशाशी घ्यायची. "शिस्तीची आहे," ताई कौतुकाने सांगायची. आमची भाषा तिला येईना, तिची आम्हाला. पाणी, हो, नाही, दार, एवढ्यावर कारभार चालला होता.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. ती भावजींच्या वडिलांपासूनची. जेवणाआधीची प्रार्थना टेबलावरच्या सर्वांत लहान माणसाने करायची. बाकीच्यांनी मोठ्याने आमेन म्हणायचं, म्हणजे तसंच होवो. आमेन झाल्याशिवाय कोणी चमचा उचलायचा नाही. इतकी वर्षं लहान म्हणून ती पाळी माझ्यावर होती, आणि मी ती दोन श्वासांत उरकायचे. पोरीने एक आठवडा आमचं पाहिलं. मग एका संध्याकाळी भावजींनी तिच्याकडे बोट दाखवलं तर तिने हात जोडले, डोळे मिटले आणि तिच्या भाषेत सलग बोलत सुटली. ताईच्या डोळ्यांना पाणी आलं. आम्ही असं दणदणीत आमेन म्हटलं की किल्लीवाला डोकावून गेला.

त्यानंतर रोज तेच. शब्द तेच, सूर तोच, शेवटी आमचं आमेन. आमेन झालं की पोरगी एक डोळा उघडून आम्हा सगळ्यांकडे पाहायची आणि मग समाधानाने जेवायची. चर्चच्या पाळकसाहेबांनी तर उपदेशात तिचं उदाहरण दिलं.

मग बसवाली आली. शहरातली बस चालवणारी ही बाई जुनी आरामखुर्ची घेऊन आली होती. बोलता बोलता कळलं, ती पोरीच्याच देशाची. ताईला इतका आनंद झाला की तिने तिला जेवायलाच बसवून घेतलं. पोरगी तिच्याशी भडाभडा बोलेल असं वाटलं होतं, पण तिने फक्त मान हलवली आणि प्रार्थनेची वेळ म्हणून हात जोडले. आम्ही डोळे मिटले, आमेन म्हटलं, डोळे उघडले. बसवालीने आमेन म्हटलं नव्हतं. ती ताईकडे पाहत होती.

भांडी घासताना तिने आम्हा दोघींना विचारलं, "ती काय मागते ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"जेवणाबद्दल आभार मानते," ताई म्हणाली.

"ती म्हणते, देवा, आईला औषध लागू पडू दे. तिला इथला रस्ता सांग. ती आली की या लोकांनी मला जाऊ द्यावं. ही माणसं चांगली आहेत, यांच्यावर रागावू नकोस."

ताईच्या हातातली बशी पाण्यात सुटली.

मग बसवालीने पोरीला जवळ घेऊन विचारलं. आई आजारी पडली, बरी होईपर्यंत तिने पोरीला तिथल्या अनाथाश्रमात ठेवलं. रविवारी भेटायला यायची. मग येईनाशी झाली, आणि एक दिवस ताई-भावजी आले. आम्हाला तर सांगितलं होतं की हिचं या जगात कोणी नाही.

संस्थेला फोन केला. पलीकडची बाई फार गोड बोलली. मुलं अशा कल्पना करतात, मनावर घेऊ नका, कागद पूर्ण झाले आहेत. पाळकसाहेब म्हणाले, देवाची काही योजना असेल. मंडळीतल्या एका काकू म्हणाल्या, "मग आमच्या वर्गणीचं काय?" उंटावरचे शहाणे सगळे! आणि मी? मलाही काही सुचेना. सकाळी वाटायचं, पोरगी खरं बोलतेय, तिच्या आईला शोधलंच पाहिजे. दुपारी तीच पोरगी भावजींच्या शेजारी बसून ओठांत खिळे धरायला लागली की वाटायचं, कल्पनाच असेल, पोरांचं काय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"आई सापडली आणि तिने हिला मागितलं तर?" मी ताईला विचारलं.

"मग आपण कोण?" ताई म्हणाली. "मी हिला आणलं की पळवलं? तूच सांग. नाहीतर एरवी सगळं सांगतेस."

मी भावजींकडे पाहिलं. त्यांच्या तोंडात खिळे होते.

त्या संध्याकाळी सूप वाढलं. पोरीने हात जोडले आणि रोजचं सगळं म्हटलं. शेवट आला आणि कोणी बोलेना. कसं बोलणार? आपण काय मागतोय ते आता माहीत होतं. पोरीने एक डोळा उघडला, मग दुसरा. चमच्याला हात लावला नाही तिने. रीत तिला आमच्यापेक्षा पक्की ठाऊक. सूप निवत चाललं. ती भावजींकडे पाही, मग माझ्याकडे, मग ताईकडे, आपलं काय चुकलं ते शोधत.

"आमेन," ताई म्हणाली. आवाज फाटला होता, पण म्हणाली.

मग आम्ही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ताई बस थांब्यावर जाऊन उभी राहिली आणि बसवालीकडून त्या भाषेतलं एकच वाक्य शिकून आली. दिवसभर फडकी धूत ते पुटपुटत होती. जेवायच्या आधी तिने पोरीला ते विचारलं. तुझ्या आईचं नाव काय? पोरगी थबकली. इतक्या महिन्यांत तिला हे कोणी विचारलंच नव्हतं. तिने नाव सांगितलं. ते इथे देत नाही, ते त्या मायलेकींचं आहे. ताईला नीट म्हणता येईना, तेव्हा पोरीने तिचे ओठ बोटांनी धरून शिकवलं.

मग सगळे बसले. पोरीने हात जोडले, पण ताईने तिच्या हातांवर आपले हात ठेवले आणि सासऱ्यांपासूनची रीत मोडून स्वतः प्रार्थना केली. आमच्या भाषेत. "देवा, आम्ही हिच्या आईला शोधायला निघतोय. ती हिला घेऊन गेली तर मला काय होईल ते मला माहीत नाही. मला भीती वाटते. तरी तिला बरं कर, तिला रस्ता सांग." आणि तिने ते नाव घेतलं, अगदी नीट.

पोरीला त्या सगळ्यातलं एक नाव तेवढं कळलं होतं. तिने आमची वाट पाहिली नाही. डोळे घट्ट मिटून, आम्ही तिच्या प्रार्थनेला म्हणायचो तसंच, ती ओरडली, "आमेन!"