जागे आहातच, तर...

सदाशिवराव टिपणीसांना झोप येत नाही, ही बातमी गच्चीवर फोडली ती त्यांच्या बायकोनेच, मधुमतीबाईंनी. १९६१चा मे महिना. दूर उत्तरेत, बनीपार्क वस्तीत संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडून खाटा टाकायच्या, हा शिरस्ता. त्या घरात बदलीवर आलेली मराठी बिऱ्हाडे तीन आणि गच्ची एक. गुपित राहणार कुठे?

सदाशिवरावांचे आम्लपित्त जुने, रक्तदाब त्याहून जुना. डॉक्टरांनी बजावले होते, "पावसाळ्याआधी दाब उतरला नाही, तर नोकरीला अपात्र असं लिहावं लागेल. स्वस्थ झोपा!" झोपा म्हणे! उशीला कान लावला की छातीची धडधड ऐकू येई. धडधड ऐकली की नोकरी आठवे. नोकरी आठवली की पित्त उसळे.

पहिला घाव शेजारच्या खाटेवरच्या नागपूरकर उत्तमरावांनी घातला. "तुम्ही तर जागेच राहता न, सदाशिवराव? मग मला चारला उठवून द्याल. आग्र्याची गाडी आहे."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या बिऱ्हाडातल्या रत्नप्रभाबाई आल्या. "भावोजी, नळाला पाणी साडेतीनला येतं. जागे आहातच, तर तेवढी हाक मारा बाई!"

आठवड्याभरात सदाशिवराव गच्चीचे गजराचे घड्याळ झाले, तेही किल्ली न देता चालणारे. सारे निर्धास्त घोरत. हे मात्र साडेतीन चुकेल म्हणून दोनपासून ताटकळत. मधुमतीबाई म्हणाल्या, "अहो, तेवढाच लोकांना उपयोग."

"मी मेलो की दिव्याच्या खांबाला टांगा मला! तेवढाच उजेड!"

तपासणी सोमवारी. शनिवारी उत्तमराव पुन्हा खाटेशी आले. "उद्या पुन्हा चारला हं. आणि जरा हळू हलवा जी, परवा दचकलो मी."

झाले! दहा वर्षांचे पित्त एकदम उसळले. सदाशिवराव खाटेवर उभे राहिले. उत्तमरावांचे घोरणे, रत्नप्रभाबाईंच्या बादल्या, नळ, आग्रा, साऱ्यांचा त्यांनी असा उद्धार केला की दोन गच्च्यांपलीकडचे लोक उठून बसले. मग ते धाडकन आडवे झाले.

जाग आली तेव्हा ऊन तोंडावर होते आणि खाटेभोवती फौज.

"माझी गाडी गेली!" उत्तमराव गरजले.

"घरात थेंब नाही पाण्याचा! इतकं घोरतं का माणूस?" रत्नप्रभाबाई कडाडल्या.

जिवंत आहेत का हे पाहायला नाडी धरली ती एकट्या मधुमतीबाईंनी.

सोमवारी दाब उतरला होता. "दुसरी तपासणी श्रावणात. जे चाललंय तेच चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले. सदाशिवरावांनी ते औषधासारखे पाळले. गच्चीवर त्यांच्याशी कुणी बोलेना, खाटा लांब सरकल्या, वाटेत भेटले की उत्तमराव मान फिरवत. सदाशिवराव लहान मुलासारखे झोपू लागले.

श्रावणातल्या तीजेच्या सणाला मधुमतीबाई आनंदाने वर आल्या. हातात घेवराचे, तिकडच्या तुपातल्या मिठाईचे, ताट. "उत्तमरावांकडून आलंय हो! झालं गेलं विसरा म्हणतात."

सदाशिवरावांचा चेहरा पांढराफटक पडला. दुसरी तपासणी चार दिवसांवर आली होती. हात आपोआप छातीकडे गेला.

"परत कर ते," ते ओरडले, "आणि म्हणावं, तूप खवट आहे!"