बाटली नंबर आठ

रविवार, मे महिन्यातला शेवटचा. स्थळ : आमचं जबलपूरचं घर. हजर : हे (साठी पूर्ण, समारंभ ह्यांचाच), सासूबाई (वय ब्याऐंशी, दात सगळे स्वतःचे), भाचा निनाद (मुक्काम मेक्सिको, सध्या सुट्टीवर), ह्यांचे शहपुऱ्याचे मित्र तिवारीजी सपत्नीक, आणि मी. गैरहजर : माझी अक्कल. (ही शेवटची नोंद संध्याकाळी केली.)

आमच्या घरात यादीशिवाय पान हलत नाही. फ्रिजच्या दारावर फ्रिजची यादी, कपाटाच्या दारावर कपाटाची, आणि याद्यांची एक यादी माझ्या पर्समध्ये. अशा घरात चूक होऊ शकत नाही. झाली, तर ती पद्धतशीरच होते!

सुरुवात निनादच्या बाटलीपासून झाली. मामाच्या साठीला म्हणून त्याने मेक्सिकोहून एक लाल वाइन आणली, माझ्या हातात दिली आणि रविवारी येतो म्हणून आईकडे नागपूरला निघून गेला. लेबलवर हाताने काढलेली एक कोंबडी होती. खाली स्पॅनिशमध्ये काहीतरी लिहिलेलं होतं. चार दिवसांनी पाहते तर मे महिन्याच्या उकाड्यात बाटलीच्या बुचाने मान वर काढलेली! मी तातडीने फोन लावला.

"मामी, पॅनिक नको होऊ," निनाद म्हणाला. "ती नॅचरल वाइन आहे. छोटासा मळा आहे, एकदम ऑर्गॅनिक. औषध नाही, साखर नाही, गाळणं पण नाही. जित्ती असते ती. बस, फ्रिजमध्ये ठेव."

"आणि त्यात तळाशी चोथा आहे तो?"

"तीच तर खासियत आहे ना! आणि वास थोडा अजीब आला तर फेकू नको हां. बिघडल्यासारखा येतो. गोठ्यासारखा, सिरक्यासारखा. जानकार लोक त्यावरच तर फिदा असतात."

बाटली फ्रिजमध्ये उभी मावेना, आणि आडवी ठेवायची तर कैरीच्या पन्ह्याची जागा जात होती. मी व्यवहारी बाई. वाइन एका रिकाम्या सरबताच्या बाटलीत ओतली, चिठ्ठी लावली : 'आठ'. मेक्सिकोची बाटली धुऊन, लेबल न भिजवता, वाळत ठेवली. रविवारी त्यात परत ओतायचं, हे यादीत चौदाव्या क्रमांकावर लिहिलं.

शेजारी त्याच आकाराची बाटली 'सात' होती. तिच्यात माझा जांभळाचा सिरका, म्हणजे घरगुती व्हिनेगर.

या सिरक्यावर माझी इज्जत पणाला लागली होती. आमच्या महिला मंडळाची घरगुती टिकाऊ पदार्थांची स्पर्धा दर उन्हाळ्यात होते. बक्षीस म्हणून एक फिरती ढाल असते. ती सहा वर्षांपासून पांढरीपांडे वहिनींच्या शोकेसमध्ये फिरायची थांबलेली आहे. त्यांचं लिंबाचं लोणचं पहिलं, माझं काहीही असो, उत्तेजनार्थ. ढालीसाठी बैठकीत मी खिळा मात्र पहिल्याच वर्षी ठोकून ठेवला होता. (तयारी आधी असावी.) त्या खिळ्याला सहा वर्षं सासूबाईंची जपमाळ लटकत होती.

गेल्या वर्षीची जांभळं, मातीचं भांडं, महिनोन् महिने ऊन. यंदा ढाल येणारच होती. नाही आली तर खिळा उपटायचा, हेही लिहून ठेवलं होतं.

शुक्रवारी दुपारी वीज गेली, ती तीन तास आलीच नाही. फ्रिजला घाम फुटला आणि दोन्ही चिठ्ठ्या गळून एकमेकींना चिकटून तळाशी पडल्या. समोर दोन बाटल्या. दोन्हींत काळसर जांभळं, गढूळ, तळाशी चोथा. चव घेऊन पाहावी, तर त्या दिवशी संकष्टी! उपासाला ना सिरका चालत, ना वाइन. चंद्रोदयापर्यंत थांबावं हा विचार यादीवाल्या बाईला सुचत नाही. मी दोन्ही हुंगल्या.

एकीचा वास नाकात सुईसारखा गेला. दुसरीला पिकल्या फळाचा मंद, मऊ सुवास.

झालं! बिघडल्यासारखी ती वाइन. सुवासिक, ती अर्थातच माझी.

मी खात्रीने 'आठ' आणि 'सात' चिकटवलं, वरून चिकटपट्टीही मारली.

रविवारी सकाळी दहाला मंडळात हजर. परीक्षक तिघी, प्रमुख देशकर बाई. या निवृत्त मुख्याध्यापिका, दरवर्षी मंडळात व्यसनमुक्तीवर दीड तास बोलतात, आणि त्यांना हसताना आजवर कोणी पाहिलेलं नाही. त्यांनी माझ्या सिरक्याचा एक चमचा घेतला. थांबल्या. दुसरा घेतला.

"नंदाताई, हा घशाला लागून नाही राहिला!"

"मुरवलाय, बाई," मी विनयाने म्हणाले.

"अच्छा! छातीत कसं गरम गरम वाटून राहिलं. आलं घातलं का?"

"ते गुपित आहे." (आलं घातलं नव्हतं. पण विजेत्यांना गुपित असावं लागतं.)

तिसरा चमचा न घेता देशकर बाईंनी वाटी मागवली. मग उरलेल्या दोघींनी वाट्या मागवल्या. मग पांढरीपांडे वहिनी आल्या. "बघू तरी, काहून एवढं कौतुक चाललंय," म्हणत त्यांनीही वाटीभर घेतला, ओठ पुसले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मला म्हणाल्या, "मानलं, दीदी!" लोणच्याकडे पुन्हा कोणी फिरकलंच नाही. बाटली रिकामी झाली. निकाल जाहीर करताना देशकर बाई हसल्या, एक ओवी म्हणाल्या, परत हसल्या, आणि ढाल मला द्यायच्या आधी त्यांनी स्वतःच एकदा कवटाळून घेतली.

ढाल मांडीवर घेऊन मी ऑटोने घरी आले. जपमाळ काढली. ढाल लटकवली. सहा वर्षांच्या खिळ्याने ती पेलली! दोन पावलं मागे सरकून मी यादीवर अशी बरोबरची खूण केली की कागद फाटला.

दुपारी साठीचा समारंभ. 'आठ' मधलं द्रव्य कोंबडीच्या बाटलीत परत गेलं, सदर बाजारातून आणलेले काचेचे ग्लास मांडले गेले आणि निनादने उभं राहून सांगायला सुरुवात केली.

"मामा, मालकीणबाई स्वतः मळ्यात राबतात. द्राक्षं पायाने तुडवतात."

"पाय धुते का?" सासूबाईंनी विचारलं.

"धुतात, आजी. आता बघा, पहिला घोट झटका देईल. घाबरायचं नाही. तोंडात फिरवायचा. मातीची चव शोधायची."

सगळ्यांनी घोट घेतला. ह्यांचा एक डोळा आपोआप मिटला. तिवारीजींच्या गालात खड्डा पडला तो भरूनच येईना. त्यांच्या पत्नीने पदराने डोळे टिपले.

"कैसी है?" निनादने विचारलं.

"भैया," तिवारीजी दम घेऊन म्हणाले, "चीज तो ऊँची है. एकदम मिट्टी."

"माती मलापण लागली," हे मिटल्या डोळ्यानेच म्हणाले. "बरीच लागली."

निनादने स्वतः मोठा घोट घेतला. कान लाल झाले. "तिथे प्यायलो होतो तेव्हा एवढी... पण जित्ती आहे ना. प्रवासात बदलते." आणि त्याने दुसरा घोट घेतला! शिकलेल्या माणसाची हिंमत वेगळीच.

"मला दे," सासूबाई म्हणाल्या. साखरेसाठी त्या अकरा वर्षं रोज सकाळी दोन चमचे सिरका घेतात. त्यांनी ग्लास तोंडाला लावला आणि शांतपणे खाली ठेवला.

"हा तर सूनबाईचा जांभळाचा सिरका होय."

"आजी, ही मेक्सिकोची..."

"असंल. मग मेक्सिकोत पण माझी सूनबाई असंल."

मी मनातल्या मनात यादी उलटी वाचली. आठ. सात. वाट्या. ओवी!

निनादने बाटलीकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मामी... मग माझी वाइन कुठाय?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं.

"पहिली आली," मी म्हणाले.

मग ह्यांचा मिटलेला डोळा उघडला आणि हे इतके हसले, इतके हसले की साठीचा माणूस म्हणून मला काळजी वाटली. निनाद ढालीसमोर जाऊन फोटो काढू लागला. मालकीणबाईंना पाठवतो म्हणाला, त्यांना आजवर कुठलंच बक्षीस मिळालेलं नाही.

"मी ढाल परत करते," मी म्हणाले. व्यवहारी असले तरी मला लाज आहे.

"काहून?" सासूबाई कडाडल्या. "त्या देशकर बाईला सांगशील का, का बाई तू सकाळी अकराला वाटीभर दारू प्याली? मरंल ना ती! राहू दे. इतकी वर्षं माझी माळ लटकवून राहिले मी त्या खिळ्याला. आता ढालच बरी."

तेवढ्यात फोन वाजला. देशकर बाईच होत्या. दुपारी अशी गाढ झोप त्यांना कित्येक वर्षांत लागली नव्हती म्हणे. कार्यकारिणीने एकमताने ठरवलं होतं की मंडळाच्या वार्षिक अंकात माझ्या सिरक्याची कृती पहिल्या पानावर, व्यसनमुक्तीवरच्या त्यांच्या लेखाशेजारी छापायची.

रविवारच्या त्या यादीतल्या एकवीस कामांपैकी वीस झाली. ढाल भिंतीवर आहे, तिला रोज फडकं मारते. फोननंतर वाढवलेलं एकविसावं मात्र अजून तसंच आहे : 'देशकर बाईंना कृती लिहून देणे.' त्यांच्याकडून तिसऱ्यांदा आठवण आली, तेव्हा काल कागद घेऊन बसले. पहिली ओळ जमली, पुढे सरकत नाही.

'प्रथम एक भाचा मेक्सिकोला पाठवावा.'