हळदीत बुडवलेले ब्रश

मेकअपचे ब्रश घरच्या घरी कसे धुवायचे, हे मला कोणीही विचारावं. भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब आणि चमचाभर खोबरेल एकत्र करायचं, कारण फाउंडेशन तेलकट असतं आणि तेलाला तेलच काढतं. मग लहान मुलांचा शाम्पू. ब्रश नेहमी केसांची बाजू खाली करून धरायचा. पत्र्याच्या कड्यात पाणी शिरलं की आतला डिंक सुटतो आणि ऐन मुहूर्ताला नवरीच्या गालावर केस गळत बसतात. स्पंजाला कपड्याचा साबण चोळायचा, पिळायचा, परत चोळायचा, पाणी नितळ येईपर्यंत. शेवटच्या पाण्यात थोडा सिरका, म्हणजे व्हिनेगर, टाकला की वास जातो. अर्जुनी मोरगावात आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं पार्लर, आणि मागच्या मोरीत हा धुण्याचा कारखाना. नवरी सजवून घरी आले की आधी ब्रश, मग चहा.

त्या वर्षी धानाची रोवणी नुकतीच आटोपली होती. लग्नं नव्हती, त्यामुळे सकाळी सकाळी फोन वाजला तेव्हा मी खूश झाले. फोन जवळच्याच एका गावातल्या मावशींचा. त्यांच्या थोरल्या मुलीला दोन वर्षांपूर्वी मीच नवरी केलं होतं. गोरीगोमटी नव्हती, पण अशी काही खुलली होती की नवरदेव मंडपात खुळ्यासारखा बघत राहिला होता. तिचे फोटो मी कितीतरी जणींना दाखवले असतील.

“मॅडम, माह्या पोरीले सजवाले येता का जी?”

“येते ना मावशी. कार्यक्रम कायचा आहे?”

मी तारखांची वही उघडली.

“कार्यक्रम नाही जी. पोरगी गेली. माहेरी आली होती, रात्री झोपेत साप चावला, मन्यार. आता दवाखान्यातून आणून राहिले.”

मी वही मिटली. मावशी पुढे बोलल्या. “तोंड काळंनिळं पडलं तिचं. असं तोंड घेऊन कशी धाडू तिले? तुम्ही लगनात केलं होतं, तसं करून द्या.”

सवाष्ण गेली की तिला नवरीसारखी सजवतात, हे का मला ठाऊक नाही? हिरवी साडी, हातभर चुडा, कपाळभर मळवट. पण ते घरच्या बाया करतात, हळदीकुंकवाने. त्यासाठी पार्लरवालीला कोणी बोलावल्याचं मी बापजन्मात ऐकलं नव्हतं. आणि तरी माझ्या तोंडून “येते” निघून गेलं. फोन ठेवला आणि मग मीच हबकले.

सासूबाई दारातच आडव्या आल्या. “वेडी झाली का व तू? मेल्या मानसाच्या तोंडाले कोनी पावडर लावते का? तेच ब्रश उद्या दुसऱ्या नवरीच्या तोंडाले लावशीन, तर कोन बसन तुह्यापुढं?”

त्यांचं चुकत नव्हतं, हेच तर वाईट. नवरी सजवायची कामं गेली तर माझं पार्लर म्हणजे भुवया कोरायचं दुकान. ते पार्लर मी घरच्यांशी भांडून भांडून उभं केलं होतं, खुद्द सासूबाईंशीसुद्धा. पण “येते” म्हटलेलं परत कसं घेऊ? बॅग उचलली आणि नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसले.

मावशींच्या अंगणात पोचले तेव्हा बायांनी तिला अंघोळ घालून साडी नेसवली होती. मला बघून रडणं एकदम थांबलं. सगळ्या माझ्या बॅगेकडे बघू लागल्या. तिची लहान बहीण उशाशी बसली होती, विशीच्या आतली, मांडीवर थोरलीचं वर्षाचं लेकरू. लेकरू आईच्या बांगड्यांशी खेळत होतं. मी नजर फिरवली.

स्पंजावर फाउंडेशन घेतलं, गालाला लावलं, तर ते पसरेचना. जागच्या जागी चिकटून राहिलं. इतकी वर्षं मी समजत होते की माझ्या हातात कला आहे. फाउंडेशन अंगाच्या उबेनं पसरतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मग एकेक थेंब तळहातावर चोळून गरम केला आणि लावला. निळसरपणा झाकायला नारिंगी रंग, त्यावर तिचा रंग. डोळे मिटलेलेच होते, त्यामुळे काजळ सोपं गेलं, आणि सोपं गेलं म्हणून मला रडू आलं. बहीण माझ्या हाताकडे टक लावून बघत होती.

मावशींनी मळवट भरला तेव्हा थोडं कुंकू गालावर सांडलं. मी माझ्या मोठ्या पांढऱ्या ब्रशने ते अलगद झाडून टाकलं. मावशी लेकीकडे बघून म्हणाल्या, “हो. हीच माही पोरगी.” मग जो आकांत झाला तो मला लिहिता येणार नाही.

घरी आले तर सासूबाईंनी अंगणातच कडुलिंबाचं पाणी तापवून ठेवलेलं. अंघोळीशिवाय उंबरा नाही. ते मान्य. पण बॅगेकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “हे तलावात टाकून ये.” आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते ब्रश मी नागपूरहून एकेक निवडून आणलेले. आणि ती पोरगी काय घाण होती का? दोन वर्षांपूर्वी ह्याच ब्रशांखाली खुदुखुदु हसली होती. मी म्हटलं, “नाही टाकत. धुते.”

म्हटलं खरं, पण मोरीत बसले आणि हात थांबेना. पांढऱ्या ब्रशातून गुलाबी पाणी निघत होतं, कुंकवाचं. लिक्विड झालं, शाम्पू झाला, सिरका झाला. परत पहिल्यापासून सुरू केलं. पाणी केव्हाच नितळ झालं होतं, तरी मी घासतच होते. सासूबाईंना टाकत नाही म्हणणारी मी, आणि नखं लावून लावून धुणारीही मीच. शेवटी ब्रश टॉवेलवर आडवे मांडले आणि जाऊन पडले.

सकाळी उठून बघते तर टॉवेल रिकामा. ब्रश बादलीत, उभेच्या उभे, दांड्यांसकट बुडवलेले. बादलीत गोमूत्र आणि मूठमूठ हळद. स्पंज पिवळेधम्मक होऊन वर तरंगत होते.

“शुद्ध करून देल्ले,” सासूबाई म्हणाल्या. अगदी मायेनं म्हणाल्या. “आता लाव कोनालेबी.”

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. धावत साबण आणला, बादलीत धुण्याच्या सोड्याची पूड टाकली, घुसळलं, आणि क्षणात सगळी बादली लालभडक. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे कोणत्या बाईला माहीत नाही? वरणाचे डाग धुतच आपली जिंदगी जाते. पण त्या सकाळी ते लाल पाणी बघून मी दोन पावलं मागे सरकले. सासूबाई तर मटकन खालीच बसल्या. आम्ही दोघी त्या बादलीकडे बघत राहिलो, आणि कोणी हात घालीना.

शेवटी मीच घातला. पाच-सहा पाण्यांनी लाली गेली, पिवळेपण उरलं. हळदीचा डाग साबणानं जात नाही, उन्हानं उडतो. म्हणून मी सगळे ब्रश आणि स्पंज पुढच्या भिंतीवर ओळीनं मांडले, कारण ऊन तिथेच होतं. आणि रस्ताही तिथेच होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही. जाणारी-येणारी प्रत्येक जण विचारी, काय व हे पिवळं पिवळं? आणि माझ्या सासूबाई, देव त्यांचं भलं करो, दारात बसून प्रत्येकीला समजावून सांगत होत्या: काल मयताले लावले होते, पन मी स्वतः हळद-गोमुत्रानं शुद्ध केले, आता काई हरकत नाही.

त्यांना वाटत होतं त्या माझा धंदा वाचवून राहिल्या.

ऊन उतरेपर्यंत ब्रश पांढरे झाले होते आणि गावभर बोंब झाली होती. दिवाळीनंतरच्या लग्नांचे फोन एकेक करून आले. “आमच्या घरचे नाही म्हणतात जी, राग नका मानू.” राग कसा नको मानू? एकीच्या आईला तर मी सुनावलंच, की तुमच्या पोरीला देवळातली देवी सजवणारीच आणा, म्हणजे विटाळ नको. त्यानं काय झालं? अजून दोघींनी नाही म्हटलं. बोलणाऱ्यांची तोंडं धरता येतात का? सासूबाईंनी माझ्याशी बोलणं कमी केलं. रागानं नाही, खजील होऊन. ताटात भाजी जास्त वाढायच्या. थंडी गेली, धान विकलं गेलं, लग्नसराई तोंडावर आली आणि माझ्या आरशापुढची खुर्ची रिकामीच.

आणि एक दिवस दारात मावशी.

“लहानीचं लगन आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच या जी.”

मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली. म्हटलं, “येणारच. कुठला नवरदेव?”

त्यांनी पदर नीट केला. “जावईच. लेकराले कोन पाहीन मग?”

माझ्या हातात त्यांच्यासाठी आणलेला पाण्याचा ग्लास होता. नवीन काही नाही म्हणा, होतं असं आपल्याकडे. मेहुणीशी लग्न लावतात, लेकरू मावशीच्या पदरात पडतं, चार लोक म्हणतात बरं झालं. पण मला डोळ्यांपुढे उशाशी बसलेली ती पोरगी दिसली. तिला विचारलं का कोणी, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मावशींचा चेहरा बघितला आणि ग्लास पुढे केला.

मी गोंदियाच्या बाजारात जाऊन नवे ब्रश आणले. एवढे दिवस लोकांपुढे हट्ट धरून बसले होते, पण ह्या पोरीच्या तोंडाला ते जुने ब्रश लावायचे, ही कल्पनाच मला सहन होईना. लग्नाच्या दिवशी खोलीत आम्ही दोघीच होतो. तिच्यासमोरच नवं पाकीट फोडलं, मुद्दाम, तिला दिसावं म्हणून.

“हे कोरे आहेत,” मी म्हटलं. “भिऊ नको.”

ती आरशातून माझ्याकडे बघत होती. “ताईले लावले ते कुठं आहेत?”

खोटं बोलायला हवं होतं, पण जमलं नाही. जुनी गुंडाळी बॅगेच्या तळाशी होती. तिनं हात पुढे केला. मी दिली. तिनं गुंडाळी उलगडली, सगळ्यांवरून बोट फिरवलं आणि मोठा पांढरा ब्रश बरोबर उचलला. मला वाटलं आता ती फेकणार, नाहीतर रडणार. तिनं तो नाकाशी नेला आणि डोळे मिटून वास घेतला. मग परत घेतला.

“ह्याले तर साबनाचा वास येऊन राहिला.”

“धुतले ना व,” मी घाईघाईनं म्हटलं. “कितीतरी पाण्यांनी धुतले. उन्हात वाळवले. काही म्हणता काही राहिलं नाही त्यात आता.”

तिनं मान वर केली.

“ताईचं सगळं धुतलं काऊन जी?”

बाहेर कोणीतरी लेकराला खेळवत होतं. तिनं तो ब्रश माझ्या हातात दिला आणि तोंड पुढे केलं.