तारेची आकृती आणि आण्णांचा ओळंबा

आमचे आण्णा राजूरचे गवंडी. आता थकल्यामुळे वडील माझ्याकडे भिंगारला असतात, पण येताना थापी, रंधा आणि ओळंबा पिशवीत घालूनच आले. सबंध आयुष्यात आपली एकच भिंत ओळंब्यातून गेली, म्हणजे दोरी लावून बघितली तर वाकडी भरली, तीही राजूरलाच, असं ते येईल त्या पाहुण्याला सांगतात. ती का गेली, असं विचारलं की मात्र त्यांना अचानक कमी ऐकू येतं.

मी शाळेत चित्रकला शिकवते. गेल्या हिवाळ्यात नगरला आम्हा चित्रकला शिक्षकांचं प्रदर्शन ठरलं. बाकीच्यांनी मुकाट्याने निसर्गचित्रं काढायला घेतली. मला अवदसा आठवली आणि मी तार आणि प्लास्टर घेऊन बसले. बांधकामावर सळया बांधतात ती तार, खुराड्याला लावतात ती जाळी आणि गणपतीच्या कारखान्यातून आणलेलं अर्धं पोतं प्लास्टर. आकृतीला चेहरा नको होता, हातपाय नको होते. खालून वर जाणारी एक रेघ, मध्येच डावीकडे बाहेर आलेली आणि वर उजवीकडे कललेली, एवढंच. काय करतेय ते मला पक्कं ठाऊक होतं, पण मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आठ दिवस अंगणात पक्कड घेऊन तार वाकवत होते. बोटांना इतक्या चिरा पडल्या की लिंबू पिळायची सोय राहिली नाही. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "कपडे वाळत घालायला करतेस का गं?" दूधवाल्याला त्यात उंट दिसला. दोघांनाही मी "बघू, काय होतंय ते" असं म्हणून वाटेला लावलं.

आण्णा ओट्यावर बसून सगळं बघत होते. त्यांचे हात शिवशिवत होते, ते मला दिसत होतं.

"ना शेंडा ना बुडखा," ते म्हणाले. "अन् कलंडलंय."

"कलतंच करायचंय ते, आण्णा. हात लावू नका."

सांगून ऐकतील ते आण्णा कसले. शनिवारी सकाळची शाळा करून घरी आले, तर अंगणात एक पांढराशुभ्र खांब उभा. त्यांनी माझी तार ताणून सरळ केली होती, वर प्लास्टर चढवलं होतं आणि रंध्याने घोटून गुळगुळीत केलं होतं. ओळंबा अजून शेजारी लोंबत होता. आण्णा नळावर हात धूत होते, स्वारी खूश.

"उभं केलं बघ. आता कितीबी वारं येऊ दे, पडायचं न्हाई."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सोमवारी टेम्पो येणार होता. पण खरं तर प्रदर्शनाचं मला काही नव्हतं.

"जन्मभर भिंतीच बघितल्या तुम्ही," मी म्हणाले. "ती आई होती, आण्णा. कमरेवर घागर घेतली की आई तशी उभी राहायची."

आण्णांनी नळ बंद केला. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हापासून त्यांनी तिच्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. वर्षश्राद्धाला माणसं रडत होती आणि हे मंडपाचे खांब हलवून बघत होते. त्याचा राग माझ्या मनात होता आणि तो सगळा त्या दिवशी बाहेर पडला. लगेच वाईटही वाटलं, पण शब्द तोंडातून गेला होता.

पिशवीतून हातोडी काढून त्यांनी प्लास्टर मधोमध हलक्या हाताने फोडलं, आतली तार मोकळी केली आणि पक्कड माझ्या हातात दिली.

"व्हती तशी वाकव."

मी वाकवली. त्यांनी वरच्या टोकावरून ओळंबा सोडला आणि खाली दोरी बुडापासून किती सुटते ते बोटांनी मोजलं. दोनदा मोजलं.

"चार बोटं हाय. कमी पडतंय. सहा बोटं कलायची ती."

"तुम्हाला काय माहीत?"

"राजूरच्या कामावर पानी तीच आनायची. तवा आमचं लगीन न्हवतं." आण्णांनी पक्कड माझ्याकडून घेतली आणि तार आणखी दोन बोटं कलती केली. "दिसभर परांचीवर बसून मी तेवढंच बघायचो. म्हनून तर ती भिंत गेली."